तुळशीचा चहा : झाकण ठेवा, मर्यादाही ओळखा

पावसाची झड लागली की घराघरांत दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी शिंकू लागते आणि कोणीतरी उठून अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या तुळशीकडे जाते. मूठभर पाने खुडायची, आल्याचा तुकडा ठेचायचा, गवती चहाची दोन पाती तोडून टाकायची आणि पातेले गॅसवर चढवायचे. हे कोणाला शिकवावे लागत नाही. आईचे बघून मुलीला येते, आजीचे बघून नातवाला.

या साध्या पेयाबाबत दोन चुका मात्र सर्रास होतात. पहिली पातेल्यात होते. पाणी अर्धे आटेपर्यंत पाने खळाखळा उकळली जातात आणि ज्या सुगंधासाठी तुळस घातली, तोच वाफेबरोबर खिडकीतून निघून जातो. दुसरी चूक समजुतीत असते. 'आधी दोन-तीन दिवस काढा घेऊन बघू, मग डॉक्टरकडे जाऊ' असे म्हणत ताप अंगावर काढला जातो. पहिल्या चुकीने फार तर चहा बेचव होतो. दुसरीने जिवावर बेतू शकते. म्हणून तुळशीचा चहा नीट कसा करायचा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे दोन्ही एकदा समजून घेऊ.

आपली तुळस कोणती?

वृंदावनातल्या तुळशीचे शास्त्रीय नाव 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम'. जुन्या पुस्तकांत ती 'ऑसिमम सँक्टम' या नावाने भेटते; दोन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत. हिरव्या पानांची आणि जांभळट पानांची काळी किंवा कृष्ण तुळस हे तिचेच दोन प्रकार. चहाला दोन्ही चालतात. काळी तुळस चवीला जरा तिखट लागते.

फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे तुळशीच्याच कुळातल्या 'ऑसिमम बॅसिलिकम' या दुसऱ्या जातीचे बी. पास्त्यावर, पिझ्झ्यावर घालतात ते 'बेसिल' हीदेखील तीच जात. त्या पानांचाही चहा होतो, पण त्याची चव बडीशेपेकडे झुकणारी, गोडसर असते. आपल्या तुळशीला येणारा लवंगेसारखा झणका त्यात सहसा नसतो. पुदिना आणि पानओवा हेही याच कुळातले. त्यांचीही पाने चुरगळली की वास दरवळतो, त्यामागचे कारण एकच आहे.

सुगंध कुठे असतो?

तुळशीच्या पानावर साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यांत सुगंधी तेल साठलेले असते. पान चुरगळले की या ग्रंथी फुटतात आणि वास सुटतो. या तेलातला एक प्रमुख घटक म्हणजे युजेनॉल. लवंगेला तिचा वास ज्यामुळे येतो, तेच हे द्रव्य. दात दुखल्यावर लवंगेच्या तेलाचा बोळा धरल्यावर जी बधिरता येते, तीही युजेनॉलमुळेच.

हे तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, पण वाफेबरोबर सहज निघून जाते. कारखान्यात लवंगेचे तेल काढताना याच गुणाचा उपयोग करतात. लवंगांमधून वाफ सोडायची, ती थंड करायची आणि पाण्यापासून तेल वेगळे करायचे. आपण उघड्या पातेल्यात पंधरा मिनिटे तुळस उकळतो, तेव्हा नकळत हेच करत असतो. फरक इतकाच की तेल गोळा न होता हवेत जाते. स्वयंपाकघरात मस्त वास सुटला याचा अर्थ कपातला वास कमी झाला.

पानात रोझमॅरिनिक आम्लासारखी पाण्यात उतरणारी द्रव्येही असतात. ती गरम पाण्यात काही मिनिटांत बऱ्यापैकी उतरतात. त्यासाठी पाने शिजवण्याची गरज नसते.

आपल्या परंपरेत हा फरक केलेला आहे. आयुर्वेदात औषधी वनस्पतींपासून कल्प करण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे काढा. त्यात औषध पाण्यात उकळून आटवायचे. मुळे, साली अशा कठीण वस्तूंना ते योग्य. फांट म्हणजे गरम पाण्यात औषध घालून थोडा वेळ ठेवणे आणि गाळून घेणे. तुळशीसारख्या नाजूक, सुगंधी पानाला ही पद्धत शोभते. म्हणजे तुळशीचा 'काढा' करण्याऐवजी 'फांट' करायचा.

एका कपाची कृती

एका मोठ्या कपासाठी ताजी दहा-बारा पाने पुरतात. पाने लहान असतील तर पंधरा घ्या. सोबत सव्वा कप पाणी आणि आवडीप्रमाणे अर्धा इंच आले. एवढेच साहित्य.

पाने वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवा. पावसाळ्यात पानांच्या मागे बारीक किडे, अंडी, मातीचे शिंतोडे असतात, त्यामुळे एकेक पान बघून घ्या. आले घालायचे असेल तर ते ठेचून थंड पाण्यातच टाका आणि पाणी चार-पाच मिनिटे उकळू द्या, कारण आल्याचा अर्क उतरायला वेळ लागतो. गवती चहाही याच वेळी, शेवटची दोन मिनिटे.

आता गॅस बंद करा. त्यानंतर तुळशीची पाने हाताने तोडून, किंचित चुरगळून पाण्यात टाका आणि लगेच घट्ट बसणारे झाकण ठेवा. सात-आठ मिनिटे झाकण उचलू नका. उघडताना झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यात पडू द्या. वाफेबरोबर वर गेलेला सुगंध त्यातच अडकलेला असतो. मग गाळून घ्या. हिरवट पिवळा, स्वच्छ रंग आला आणि लवंगेची आठवण करून देणारा वास आला, म्हणजे चहा जमला. पाणी गडद तपकिरी आणि चव कडवट झाली, तर पाने जास्त वेळ राहिली किंवा उकळली गेली असे समजा.

मध किंवा गूळ घालायचा तर चहा पिण्याजोगा कोमट झाल्यावर घाला. चिमूटभर मिरपूड चालते. नेहमीच्या दुधाच्या चहात तुळस हवी असेल, तर चहा पूर्ण उकळून झाल्यावर, गॅस बंद करतानाच पाने टाकून तीन-चार मिनिटे झाकून ठेवा. पावडरीबरोबर सुरुवातीपासून उकळलेल्या तुळशीचा मागमूसही चहात उरत नाही.

उकळता चहा घशाखाली ओतू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेये नेहमी पिण्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले. कपात ओतल्यावर पाच मिनिटे थांबले तरी पुरे. केलेला चहा त्याच दिवशी संपवा. सकाळी करून थर्मासमध्ये संध्याकाळपर्यंत ठेवलेल्या चहाला ताज्याची चव येत नाही.

पाने कुठली घ्यावीत?

पूजेच्या तुळशीला रोज हळद-कुंकू वाहिले जाते, अक्षता पडतात, शेजारी तेलाचा दिवा लागतो. बाजारातले सगळेच कुंकू हळदीपासून केलेले नसते. त्यात कृत्रिम रंग असतात आणि काही नमुन्यांत शिसेही आढळले आहे. शिसे अगदी थोड्या प्रमाणातही, विशेषतः लहान मुलांना, घातक असते. म्हणून चहासाठी वेगळी कुंडी ठेवलेली बरी. वृंदावनातलीच मंजिरी वाळवून त्याचे बी टाकले की पावसाळ्यात रोपे सहज उगवतात.

फुलबाजारात मिळणारी तुळशीची जुडी किंवा देवाच्या हारातली तुळस चहाला वापरू नका. ती पूजेसाठी विकलेली असते, खाण्यासाठी नाही. तिच्यावर काय फवारले आणि तिला कुठले पाणी मिळाले, हे घेणाऱ्याला कळत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या रोपाचीही पाने लगेच खुडू नका. महिनाभर घरी वाढू द्या आणि नवी फुटलेली पाने घ्या. रस्त्याकडेच्या, वाहनांच्या धुरात वाढलेल्या तुळशीलाही हाच नियम.

रोपाला दिवसाचे चार-पाच तास तरी ऊन हवे. मंजिऱ्या येऊ लागल्या की खुडत राहा, म्हणजे रोप बी धरण्याऐवजी पाने वाढवते. पाने ओरबाडण्यापेक्षा शेंड्याची दोन-चार पानांची डिरी खुडली की खालून दोन नव्या फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होते. खुडलेली पाने फ्रिजमध्ये काळी पडतात. डहाळी पाण्याच्या पेल्यात उभी ठेवली तर ती दोन-तीन दिवस टवटवीत राहते.

तुळशीच्या पानात पारा असतो, म्हणून ते चावू नये, असे अनेकदा ऐकू येते. पारा हे मूलद्रव्य आहे आणि कोणतीही वनस्पती ते तयार करू शकत नाही. माती किंवा हवा दूषित असेल तरच ते पानात येऊ शकते, आणि मग ते तुळशीपुरते राहत नाही, शेजारच्या मेथीतही येते. श्रद्धेपोटी पान न चावणे वेगळे, पण त्याला पाऱ्याचे कारण जोडायला आधार नाही.

बरे वाटते ते कशामुळे?

सर्दीत तुळशीचा चहा घेतल्यावर बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही. पण त्यातला मोठा वाटा गरम पाण्याचा असतो. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना फळांच्या चवीचे एकच पेय काहींना गरम आणि काहींना साध्या तापमानाचे दिले. साध्या पेयाने नाक गळणे, खोकला आणि शिंका यांत आराम वाटला. गरम पेयाने त्याबरोबरच घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवाही कमी झाल्याचे लोकांनी सांगितले. पण यंत्राने मोजल्यावर नाकातून जाणाऱ्या हवेत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे नाक मोकळे न होताही माणसाला बरे वाटते. आजारपणात हा आरामही मोलाचा असतो. शिवाय पोटात पाणी जाते आणि घसा ओला राहतो.

मग तुळशीचे स्वतःचे काय? तिच्यावर माणसांमध्येही प्रयोग झाले आहेत. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रक्तातली साखर, ताणतणाव आणि प्रतिकारशक्ती यांबाबत बहुतेक अभ्यासांत अनुकूल निष्कर्ष दिसले. मधुमेहींवर झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तुळशीच्या पानांमुळे उपाशीपोटीची साखर सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास कमी झाली होती. पण असे बरेच अभ्यास लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. त्यावरून दिशा कळते, पण ठाम उपचार ठरवता येत नाही.

शिवाय या अभ्यासांतली मात्रा आणि आपला कप यांत अंतर आहे. अभ्यासांत बहुतेक वेळा वाळवलेल्या पानांची पूड किंवा अर्क दिला जातो, काही वेळा रोज काही ग्रॅम. आपली दहा-बारा ताजी पाने ढोबळमानाने दीड ग्रॅम भरतात आणि त्यातला बराचसा भाग पाणीच असतो. वाळल्यावर पाव ग्रॅमच्या आसपास उरेल. त्यातही चहात पूर्ण पान पोटात जात नाही, गरम पाण्यात जेवढे उतरते तेवढेच जाते. त्यामुळे 'संशोधनात साखर कमी झाली' हे वाचून रोजच्या एका कपावर भरवसा ठेवत गोळी बंद करणे अत्यंत चुकीचे आहे. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, निरोगी माणसाने दिवसाला एक-दोन कप घेतल्याने घाबरण्यासारखेही काही नाही.

ताप असेल तर घड्याळ सुरू होते

आता त्या दुसऱ्या चुकीकडे येऊ. साधी सर्दी बहुतेकांना आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिथे तुळशीचा चहा उत्तम सोबती. पण पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा, हिवतापाचा किंवा लेप्टोचा असू शकतो, आणि पहिल्या दोन दिवसांत हे सगळे एकसारखेच दिसतात.

डेंग्यू इथे विशेष फसवतो. या आजारात ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो. ज्यांचा आजार गंभीर होणार असतो, त्यांचा धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब खालावतो, रक्तस्राव होऊ शकतो. घरात मात्र उलटे वाटते. तीन दिवस काढा दिला, चौथ्या दिवशी ताप उतरला, म्हणजे काढा लागू पडला! सगळे निर्धास्त होतात आणि लक्ष ठेवण्याचे तास हातचे जातात.

म्हणून ताप आला की पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा आणि सांगितलेली रक्ततपासणी करून घ्या. पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालणे झाले असेल तर ते आवर्जून सांगा. लेप्टोवर प्रतिजैविके लवकर सुरू करणे महत्त्वाचे असते. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढेच घ्या. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, श्वास लागणे, लघवी खूप कमी होणे, अतिशय गळून जाणे किंवा अस्वस्थ होणे, यांपैकी काहीही दिसले तर ताप उतरलेला असला तरी तातडीने रुग्णालय गाठा.

या काळात तुळशीचा चहा देऊच नये असे नाही. रुग्णाला भरपूर द्रव हवेच असतात, आणि पाणी, सरबत, पेज, नारळपाणी यांच्या जोडीला तोही चालेल. फक्त तो तपासणीच्या जागी नको.

कोणी जपून घ्यावा?

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी रोजचा दाट तुळशीचा काढा किंवा बाजारातले तुळशीचे थेंब डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. प्रयोगशाळेत युजेनॉल रक्तातील बिंबाणूंच्या एकत्र चिकटण्याला अडथळा करते असे दिसले आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर असे काही घेत असल्याचे भूलतज्ज्ञांना सांगावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पूड अथवा अर्क सुरू केल्यास साखर तपासत राहावी. गरोदर स्त्रियांनी आणि अपत्यासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांनी रोजचा अर्क टाळावा. प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेचा प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला आहे. कधीतरी घेतलेला हलका चहा वेगळा.

एक वर्षाखालील बाळाला तुळशीच्या रसात मध कालवून चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती थांबवायला हवी. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मध वर्षानंतरच.

बाटलीतल्या 'तुळस अर्क' थेंबांबाबतही विचार करा. तुळशीच्या तेलात मेथिल युजेनॉल नावाचे द्रव्यही असते. वर उल्लेख केलेल्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये त्याला माणसात संभवतः कर्करोगकारक द्रव्यांच्या गटात टाकले. हे वर्गीकरण द्रव्याचा स्वभाव सांगते, कोणती मात्रा धोक्याची हे सांगत नाही. दहा पानांच्या चहाने दचकण्याचे कारण नाही, पण घट्ट तेल किंवा अर्क वर्षानुवर्षे रोज घेण्यालाही कारण नाही.

जोडीला काय घालतो तेही बघा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्याच्या पुडीत तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि मिरी एक भाग होती. मात्रा होती १५० मिलिलिटर पाण्याला तीन ग्रॅम. घरोघरी मात्र मूठमूठ मसाले घालून दिवसातून चार-चार वेळा काढे झाले आणि पित्त, छातीत जळजळ, तोंड येणे यांच्या तक्रारी सुरू झाल्या. ज्येष्ठमध रोज जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळलेलेच बरे.

एवढे सांभाळले की तुळशीचा चहा निर्धास्तपणे प्यावा. त्यात कॅफीन नाही, दूध-साखर न घालताही तो छान लागतो आणि रात्री घेतला तरी झोप उडत नाही. घरात कोणाला ताप आला, तर चहाचे पाणी उकळेपर्यंतच्या पाच मिनिटांत आणखी एक काम उरकून घ्या : थर्मामीटर लावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेपुढे ताप किती ते लिहून ठेवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'ताप नेमका कधीपासून आहे?' हाच असतो.